गाडी उकळते तेव्हा

मे महिन्यातली दुपार. खोपोली मागे पडलेली आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाट चढणारी एक पंचवीस वर्षांची मारुती ८००. पुढे लोखंड लादलेला ट्रक, त्यामुळे दुसऱ्या गिअरच्या वर जाताच येत नाही. आत चार माणसं, डिकीत आंब्याची पेटी, एसी चालू. एरवी निम्म्यावर असणारा तापमानाचा काटा हळूहळू वर सरकायला लागतो, पण बोलण्याच्या नादात तिकडे कुणाचं लक्ष नसतं. मग डॅशबोर्डच्या मागून पाण्याची गुळगुळ ऐकू येते, काकवीसारखा गोडसर वास येतो आणि पुढच्या वळणावर बॉनेटच्या कडेने वाफ निघते. गाडी उकळली!

हा शब्द गॅरेजमधला असला तरी अगदी नेमका आहे. आत खरोखरच पाणी उकळलेलं असतं.

एका पिढीपूर्वी घाटात हे दृश्य नित्याचं होतं. चाकांना दगडाची उटी, उघडं बॉनेट, कठड्यावर बसलेलं कुटुंब आणि डबा घेऊन पाणी शोधायला गेलेला मुलगा. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होणारी फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, मुंबईची टॅक्सी म्हणून दशकानुदशकं धावली. काळ्या-पिवळ्या पद्मिनीतली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. त्या गाड्यांच्या चालकांकडे उपायही ठरलेले असत. उन्हात पेट्रोलची वाफ होऊन पंप अडला, की त्यावर ओलं फडकं. रेडिएटर झिरपू लागला, की त्यात मूठभर हळद. पाण्यात फुगलेली हळदीची पूड बारीक भोकाशी जाऊन बसते आणि गळती थांबते, हे खरं आहे. पण ती फक्त भोकाशीच बसते असं नाही. रेडिएटरच्या अरुंद नळ्यांमध्येही तिचा गाळ साचतो. आजची गळती थांबवताना पुढच्या उन्हाळ्यातलं उकळणं विकत घेतलेलं असतं.

मोटारगाडी आणि पाण्याचा डबा यांची सोबत मोटारीइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १८८८मध्ये बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याने बनवलेल्या तीनचाकी गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. लांब पल्ल्याचा मोटारीने केलेला तो पहिला प्रवास मानला जातो, सुमारे १०० किलोमीटरचा. त्या गाडीत इंजिन थंड ठेवण्याची युक्ती एकच होती. पाणी उकळू द्यायचं आणि वाफ होऊन गेलं की नवं ओतायचं. त्यामुळे वाटेत मिळेल तिथे थांबून पाणी भरत जावं लागलं. तेच पाणी फिरवून पुन्हा वापरायचं, तर त्याची उष्णता काढून घेणारं काहीतरी हवं. डिसेंबर १९००मध्ये विल्हेल्म मायबाखने पस्तीस अश्वशक्तीच्या मर्सिडीझसाठी ते पक्क्या स्वरूपात आणलं. सहा मिलिमीटरच्या चौकोनी तोंडाच्या ८,०७० नळ्या एकमेकींना डाग देऊन मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जोडल्या, त्यांच्यातून वारा खेळवला आणि त्यांच्या फटींतून पाणी. गाडीच्या नाकाशी बसणारा आजचा रेडिएटर त्याच पोळ्याचा वंशज आहे.

त्याच्यावर भार केवढा असतो याचा अंदाज सहसा नसतो. जळणाऱ्या पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा चाकं फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्यातला मोठा वाटा सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि जवळपास तेवढाच पाण्यामार्फत रेडिएटरकडे येतो. म्हणजे गाडी पुढे नेण्यासाठी जेवढी शक्ती खर्ची पडते, साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरला सतत हवेत उधळून द्यावी लागते. घाटात इंजिनाची मेहनत वाढते आणि गाडीचा वेग कमी झाल्यामुळे समोरून येणारा वारा नेमका तेव्हाच कमी होतो. जुना, अर्धा बुजलेला रेडिएटर सपाटीवर वर्षभर निभावून नेतो आणि बोरघाटात, कसाऱ्यात किंवा आंबोलीत उघडा पडतो, तो यामुळे.

गाडी उकळल्यावर पहिली अर्धी घटका सर्वांत धोक्याची. हात आपसूक रेडिएटरच्या झाकणाकडे जातो आणि दर उन्हाळ्यात माणसं भाजतात ती इथेच. हे झाकण पातेल्याच्या झाकणापेक्षा प्रेशर कुकरच्या झाकणाच्या जातीचं आहे. त्यातली स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते. अनेक गाड्यांत तो बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ०.९ बारने जास्त असतो. त्या दाबाखाली साधं पाणीही जवळजवळ ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कुकरमध्ये डाळ लवकर शिजते ती ज्या नियमाने, त्याच नियमाने इथे इंजिन सुरक्षित राहतं. समजा, आतलं पाणी ११० अंशांवर आहे आणि कुणी झाकण फिरवलं. दाब क्षणात सुटतो, १०० अंशांच्या वरची सगळी उष्णता एकदम मोकळी होते आणि त्यातल्या एकेका लिटर पाण्यातून जवळजवळ ३० लिटर वाफ उसळते. तोंडासमोर.

म्हणून गाडी बाजूला घ्यावी, एसी बंद करावा, इंजिन बंद करून बॉनेट उघडावं आणि निदान अर्धा-पाऊण तास काहीही करू नये. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतण्याची घाई तर मुळीच नको. मारुती ८००चा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. या दोघांच्या मध्ये दबून बसलेल्या गॅस्केटला ती ओढाताण सोसावी लागते. त्यात एकदम गार पाणी गेलं, की हेड वाकतं, कधी तडकतं. रेडिएटरचं काम एका दुपारचं असतं. हेड उतरवायची वेळ आली, तर खर्चाचा आकडाच बदलतो.

आता ही गाडी गॅरेजमध्ये आली आहे असं धरू. अशा वेळी सरळ नवा रेडिएटर मागवण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. ‘गाडी पाणी पिते’ ही तक्रार एकच, तिची कारणं मात्र निरनिराळी. झाकणाचं रबर कडक झालं असेल, तर दाब धरला जात नाही आणि पाणी हळूहळू रेडिएटरला जोडलेल्या बाटलीवाटे बाहेर जातं. बेल्टवर फिरणारा पाण्याचा पंप, ज्याला गॅरेजमध्ये ‘वॉटर बॉडी’ म्हणतात, त्याच्या दांड्याखाली एक बारीक भोक असतं. तिथे ओल किंवा सुकलेला रंगीत ओघळ दिसला, तर आतलं सील गेलेलं असतं. पंखा फिरतच नसेल, तर कदाचित दोष फ्यूजचा किंवा पंख्याच्या स्विचचा. आणि सर्वांत वाईट शक्यता हेड गॅस्केटची. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत सायीसारखा पिवळट थर आहे का, गरम इंजिनाच्या सायलेन्सरमधूनही पांढरा धूर थांबत नाही का, गार गाडी झाकण काढून सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे अखंड येतात का, हे आधी पाहायचं. या प्रश्नांची उत्तरं ‘हो’ येत असतील, तर नवा रेडिएटर बसवूनही गाडी पुन्हा उकळणारच.

रेडिएटर स्वतः दोषी असेल, तर तो ते दाखवतो. जाळीवर हिरवट किंवा पांढऱ्या खपल्या, खालच्या टाकीच्या जोडावर ओल, हात लावताच भुकटी होणारे जाळीचे पंख. आणखी एक साधी परीक्षा आहे. इंजिन गरम करून बंद करावं, पंख्याची वायर काढावी आणि जाळीच्या पृष्ठभागाजवळून तळहात फिरवावा. मध्येच एखादा पट्टा गार लागला, तर तिथल्या नळ्या बुजलेल्या आहेत.

जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत आणि ते फेकून देण्याची पद्धत नव्हती. टाकीचा डाग सोडवायचा, नळ्यांतून सळ्या घालून क्षार खरवडायचे, गळकी नळी बंद करायची आणि टाकी पुन्हा झाळून बसवायची. फार झालं तर मधला गाभा नवा घालायचा, त्याला ‘कोर बदलणं’ म्हणतात. हे काम जाणणारे कारागीर अजून आहेत आणि पद्मिनी किंवा जुन्या जीपसाठी त्यांच्याकडे जाणं हाच उत्तम मार्ग आहे. त्यांनी दुरुस्त केलेला तांब्याचा रेडिएटर पुढे वर्षानुवर्षं चालतो. पुढच्या काळात ॲल्युमिनियमची जाळी आणि तिला चिमटून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या. हलक्या आणि स्वस्त. पण प्लॅस्टिकला उष्णतेने चीर गेली की डाग देता येत नाही, तिथे रेडिएटरच बदलावा लागतो.

प्रत्यक्ष उतरवणं तसं सोपं. गाडी रात्रभर गार झालेली हवी. बॅटरीची उणे बाजूची तार सोडायची, खाली घमेलं ठेवायचं, तळाचा ड्रेन प्लग उघडायचा. तो गंजून बसला असेल, तर खालची होज काढायची. बाहेर येणाऱ्या पाण्याचा रंग बघण्यासारखा असतो. स्वच्छ हिरवा किंवा लाल असेल तर उत्तम, चहासारखा तांबूस असेल तर आत गंज आहे आणि गढूळ, रवाळ असेल तर वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर बोअरचं पाणी ओतलं गेलं आहे. मग पंख्याची वायर, वरची होज, बाटलीची बारीक नळी, आणि शेवटी चौकटीचे बोल्ट. वर्षानुवर्षं बसलेली होज तोटीला चिकटून बसते. स्क्रू ड्रायव्हर घालून तिला उचकटायला गेलं, की तोटीच मोडते. होज तशीही बदलायचीच असते. ब्लेडने उभी चीर देऊन ती सोलून काढावी.

नवा रेडिएटर जुन्याच्या शेजारी जमिनीवर ठेवून पाहावा. तोट्यांचा व्यास, बोल्टची भोकं, पंख्याच्या चौकटीची जागा, झाकण बसण्याची खोली, सगळं जुळतं का? ‘चालेल, बसवून टाकू’ म्हणत अर्ध्या इंचाने वाकडा बसवलेला रेडिएटर रबराच्या गादीवर नीट टेकत नाही आणि इंजिनाच्या थरथरीने वर्षभरात जोडावर फुटतो. बसवताना जाळीवर पुठ्ठा बांधलेला असावा. ॲल्युमिनियमचे पंख इतके मऊ असतात, की बोटाचा धक्कासुद्धा त्यांना झोपवतो.

गॅरेजमध्ये याच टप्प्यावर एक ठरलेला संवाद होतो. “काका, थर्मोस्टॅट काढून टाकू का? आपल्याकडच्या हवेत लागतच नाही तो.” मेस्त्रीचा हेतू चांगला असतो. अडकलेल्या थर्मोस्टॅटमुळे गाड्या उकळताना त्याने पाहिलेल्या असतात. पण हा सल्ला ऐकू नये. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाने भरलेली पितळेची डबी. मेण वितळताना फुगतं आणि झडप ढकलतं, बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्यांत ८०-९० अंशांच्या दरम्यान. तोपर्यंत पाणी इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. तो काढला की इंजिन बराच वेळ गार राहतं. पेट्रोल जास्त जळतं, ऑइलमध्ये ओलावा साठून चिखल होतो, सिलिंडरची झीज वाढते. काही इंजिनांत तर झडप नसल्याने गरम पाण्याचा एक भाग रेडिएटर चुकवून आतल्या आतच फिरत राहतो, म्हणजे गार करण्यासाठी केलेला उपाय तापवायलाच मदत करतो. थर्मोस्टॅटची शंका असेल, तर पातेल्यात पाणी गरम करून त्यात तो दोऱ्याने टांगावा आणि थर्मामीटर लावून झडप केव्हा उघडते ते डोळ्यांनी पाहावं. उघडत नसेल तर नवा घ्यावा, त्याच तापमानाचा. त्याच्या कडेला बारीक लोंबती पिन असते, ती बसवताना वरच्या अंगाला ठेवायची. हवा निसटायची वाट तीच आहे.

मग पाणी. या सगळ्या कामात सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते याच्याकडे, आणि रेडिएटर मरतो तोही बहुधा याच्यामुळे.

दख्खनच्या काळ्या दगडातून वर येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. बंबाच्या तळाशी किंवा गिझरच्या कॉइलवर साचलेला पांढरा थर मराठी घरात सगळ्यांनी पाहिलेला आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हा क्षार मात्र पाणी तापलं की विरघळलेला राहत नाही, खाली बसतो. त्यामुळे इंजिनात तो नेमका सर्वांत तापलेल्या जागी जमतो, सिलिंडरभोवती आणि हेडच्या पोकळ्यांत. धातूच्या मानाने तो उष्णतेला जवळजवळ भिंतच. त्यातच नळाच्या पाण्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक बारीक खड्डे पाडतं.

म्हणून कूलंट. गोठण्याची भीती नसलेल्या महाराष्ट्रात गोठणरोधक कशाला, असा प्रश्न रास्त आहे. कूलंटचा मुख्य घटक इथिलीन ग्लायकॉल. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असं मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं. आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. पण तेच मिश्रण उघड्यावरही १०० ऐवजी सुमारे १०७ अंशांना उकळतं आणि झाकणाच्या दाबाखाली त्याहून बरंच वर. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, साधं पाणी ९६ अंशांच्या आतच उकळायला लागतं हे लक्षात घेतलं, की घाट चढणाऱ्या गाडीला या वाढीव अंशांचं मोल कळतं. खरं तर उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस असतं, त्यामुळे कूलंट जितकं दाट तितकं चांगलं हा समज चुकीचा. उष्ण प्रदेशात ३० टक्के ग्लायकॉलही पुरतं. गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं प्रमाण पाळावं. कूलंटमधली गंजरोधक रसायनं ही त्याची दुसरी आणि कदाचित मोठी कामगिरी. ती कालांतराने संपतात. जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट साधारण दोन वर्षांनी, नव्या सेंद्रिय आम्लांचं पाचेक वर्षांनी बदलायचं असतं. मात्र रंगावर विसंबू नये, कारण तो फक्त रंग आहे आणि कोणत्या रसायनाला कोणता रंग द्यायचा याचा सर्वमान्य नियम नाही. दोन वेगळ्या जातींची कूलंटं एकत्र आली, तर कधी जेलीसारखा गाळ तयार होतो.

नवं भरण्याआधी इंजिन आतून धुवायचं. थर्मोस्टॅट बाहेर असतानाच पाइप लावून, बाहेर येणारं पाणी नितळ होईपर्यंत, आणि शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरचं, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी. मग थर्मोस्टॅट नव्या गॅस्केटसह परत बसवायचा. इथे एक हिशेब चुकतो. कितीही निथळलं, तरी थोडं पाणी ब्लॉकमध्ये राहतंच. आधीच निम्मं-निम्मं कालवलेलं मिश्रण ओतलं, तर ते आत जाऊन पातळ होतं. म्हणून पुस्तिकेत गाडीची एकूण क्षमता पाहायची, छोट्या गाड्यांत ती चारेक लिटर असते, आणि त्या मानाने लागणारं शुद्ध कूलंट आधी ओतायचं. उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरायची.

यानंतरचा तास संयमाचा. इंजिनाच्या पोकळ्यांत हवा अडकलेली असते आणि ती आपण होऊन बाहेर येत नाही. हेडच्या एखाद्या कोपऱ्यात बुडबुडा राहिला, तर तिथे पाणी पोचत नाही, धातू भडकतो आणि तापमानाचा सेन्सर मात्र वाफेत लोंबकळत भलतंच काहीतरी सांगतो. नवा रेडिएटर बसवून घरी नेलेली गाडी दुसऱ्याच दिवशी उकळते ती बहुतेक वेळा या बुडबुड्यामुळे. गाडीचं नाक चढावर ठेवावं, म्हणजे रेडिएटरचं तोंड सर्वांत उंच होतं. गाडीत हीटर असेल, तर तो पूर्ण गरमवर करावा, कारण त्याच्या नळ्यांतही हवा असते. कूलंट बारीक धारेने ओतावं, मध्ये मध्ये वरची होज हाताने दाबावी. प्रत्येक दाबासरशी तोंडाशी बुडबुडा येतो आणि पातळी खाली जाते. मग झाकण न लावताच इंजिन सुरू करून मंद चालू ठेवायचं.

सुरुवातीला काहीच घडत नाही. वरची होज गारच. दहा-पंधरा मिनिटांनी ती एकदम गरम होते, पातळी घटकन खाली उतरते, थर्मोस्टॅट उघडलेला असतो. पुन्हा भरायचं. बुडबुडे विरळ होत जातात. डॅशबोर्डच्या झरोक्यातून गरम हवा येऊ लागली, की हीटरमधली हवाही गेली असं समजायचं. बुडबुडे थांबले की झाकण लावायचं, शक्यतो नवं, आणि पंखा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडीजवळून हलायचं नाही. बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये.

घमेल्यातलं जुनं कूलंट एव्हाना कोपऱ्यात विसरलेलं असतं. ते गटारात ओतणं किंवा उघडं ठेवणं घातक आहे. ग्लायकॉल चवीला गोड असतं. रस्त्यावरचं कुत्रं किंवा मांजर ते चाटतं, शरीरात त्याचे स्फटिक होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन प्राणी मरतो, त्याला फार प्यावंही लागत नाही. मुलांनाही तोच धोका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर ठळक अक्षरांत ‘विष’ लिहून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या मोठ्या वर्कशॉपकडे ते सोपवावं. सांडलेल्या जागी भरपूर पाणी मारावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, झाकण काढून पाहायचं. पातळी बहुधा दोन बोटं खाली गेलेली असते. रात्री गार होताना कुठूनतरी शेवटची हवा वर आली. तेवढं भरायचं. तिसऱ्या सकाळी कूलंट रेडिएटरच्या गळ्यापर्यंत तसंच काठोकाठ दिसलं आणि खालची फरशी कोरडी असली, की एका रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, खोपोलीकडून घाट चढून पाहायला हरकत नाही. काट्यावर मात्र लक्ष ठेवायचं.